खुर्चीची खालची पट्टी

फर्निचरच्या त्या कारखान्यात क्विंटलमामांचा प्रवेश झाला तो एक खुर्ची मोडून.

तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. सुतार हवा आहे असं कानावर आलं म्हणून हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून आले होते. थोरले मालक आत कोणाशी तरी बोलत होते. "बसा जरा," असं कोणीतरी म्हणालं आणि मामा बसले. नवी कोरी खुर्ची होती, पॉलिशचा वासही अजून गेला नव्हता. तिने एकदा कुरकुर केली, मागचा पाय फाकला आणि मामा खुर्चीसकट जमिनीवर आले.

आवाज ऐकून थोरले मालक धावत बाहेर आले. मामा अंगावरचा भुसा झटकायचंही विसरून मान खाली घालून उभे. नोकरी लागायच्या आधीच गेली, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मालकांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते उकिडवे बसले, तुटलेला पाय हातात घेऊन सांध्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ही कोणाच्या तरी घरी जाऊन मोडली असती," ते म्हणाले. "वजन किती हो तुमचं?"

"एकशे दोन किलो," मामा ओशाळून म्हणाले.

"उद्यापासून या. सुतारकाम करा. आणि नव्या मापाची खुर्ची निघाली की तिच्यावर पहिलं तुम्ही बसायचं. तिने तुम्हाला पेललं, तर जगाला पेलेल."

संध्याकाळपर्यंत त्यांचं नाव क्विंटल पडलं. वय वाढलं तसं त्याला पुढे मामा चिकटलं. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं आणि महिन्यातून एकदा तिथे सही करताना त्यांना ते जरा परक्या माणसाचं वाटायचं.

थोरल्या मालकांना एक वेड होतं. "घरात माणसं सहा आणि खुर्ची एक," ते म्हणायचे. "मग पाहुणा आला की घरचा कर्ता उठून भिंतीला टेकून उभा. मला ते बघवत नाही." म्हणून त्यांनी ठरवून टाकलं होतं, की साध्या खुर्चीची किंमत मजुराच्या दोन दिवसांच्या कमाईच्या वर जाऊ द्यायची नाही. जगात काय वाटेल ते होवो.

हे साधायचं कसं, याची सगळी विद्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. मोठी यंत्रं ज्या पेट्यांतून येतात त्या पेट्यांचं लाकूड एकगठ्ठा घ्यायचं. खुर्ची, स्टूल आणि बुटकं टेबल या तिघांना पाय एकाच मापाचा ठेवायचा, म्हणजे कापणाऱ्याला सारखी मापं बदलावी लागत नाहीत. कापून उरलेल्या तुकड्यांतून पाठीच्या पट्ट्या काढायच्या. पॉलिश हात आणि डोळा पोचतो तेवढंच. बैठकीची खालची बाजू कोरी. गिऱ्हाइकाने आपली खुर्ची आपण न्यायची. आणि एवढं सगळं करूनही लाकूड महागलंच, तर किंमत वाढवायची नाही. खुर्चीतलं काहीतरी कमी करायचं.

काय कमी करायचं ते मालक ठरवायचे. कमी केलेलं चाललं की नाही, ते मामा.

त्यांच्या बसण्याची एक पद्धत होती. कारखान्यातली सगळी माणसं ते बघायला हातातलं काम थांबवायची. मामा आधी खुर्चीकडे पाठ करून उभे राहायचे आणि कोणीतरी खांद्यावर दाबल्यासारखं धपकन अंग सोडून द्यायचे. मग मागच्या दोन पायांवर खुर्ची कलवून रेलायचे. मग कमरेतून डावीकडे, उजवीकडे पिळायचे, जेवण झाल्यावर माणूस शेजाऱ्याशी बोलायला वळतो तसं. मग गप्प बसून वीस अंक मोजायचे. उठून खुर्ची उलटी करायची, सांध्यांना कान लावायचा, बोटाने टिचक्या मारायच्या. सगळं ठीक असलं की कानावरची जाडी पेन्सिल काढून बैठकीच्या खालच्या कोऱ्या लाकडावर एक बरोबरची खूण. त्या नमुन्यावरून मग पुढच्या शेकड्यांनी खुर्च्या निघायच्या आणि त्या प्रत्येक खुर्चीवरही मामा जाता जाता तीच खूण करायचे. गिऱ्हाईक कधी खुर्ची उलटी करून बघत नाही. तरीही करायचे.

चौतीस वर्षांत त्या खुर्चीतून पुष्कळ काही गेलं. आधी कोपऱ्यांची गोलाई गेली. मग आठ स्क्रूंचे सहा झाले. मग पाठीतली तिसरी पट्टी गेली. पाय पावणेदोन इंचांचे दीड इंच झाले. दोनदा असंही झालं की मामांनी खुर्ची मोडून दाखवली आणि थोरल्या मालकांनी हसत हसत काढलेलं परत घातलं. थोरले गेले, धाकटे मालक आले. मामांनी त्यांना लहानपणी भुशाच्या ढिगात लोळताना पाहिलेलं होतं. धाकट्यांनी वडिलांची खोली बदलली, दिवे बदलले, पण किमतीचा नियम बदलला नाही. "बाबांनी ठरवलेलं मी मोडणार नाही," ते सांगायचे आणि ते खरंच होतं. त्यात लबाडी नव्हती.

पन्नाशी उलटल्यावर मामांचे गुडघे बोलायला लागले. सकाळी उठताना, जिना चढताना, खुर्चीवरून उठताना. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबून बघितले आणि सांगितलं, "वजन कमी करा. नाहीतर काठी घ्या आणि काठीनंतर काय येतं ते तुम्हाला माहीत आहे."

मामांपेक्षा हे त्यांच्या बायकोने जास्त मनावर घेतलं. साखरेचा डबा तिने वरच्या फळीवर ठेवला आणि स्टूल शेजारणीकडे देऊन टाकलं.

"अहो, स्टूल कुठे गेलं म्हणून काय विचारता? तुमच्याच कारखान्याचं होतं, दुसरं आणा. पण आणलंत तर त्याच्यावर मी चढेन, तुम्ही नाही."

"अर्धा चमचा तरी," मामा म्हणायचे.

"अर्धा चमचा करत करत एक क्विंटल झालात."

ती त्यांना संध्याकाळी पुलापर्यंत चालवत न्यायची आणि परत आणायची. ताटात दुसऱ्यांदा वाढणं बंद झालं. पट्ट्याला मामा कारखान्यातल्या टोच्याने एकेक नवं भोक पाडत गेले. दीड वर्षात पाच भोकं झाली. गुडघे गप्प झाले. बायको शेजारपाजारी सांगत सुटली, की आता यांच्याबरोबर चालताना मलाच धाप लागते. मामांनाही बरं वाटत होतं. तरुण झाल्यासारखं नाही, पण निदान अंग आपलं आहे असं.

याच दीड वर्षात लाकडाचा भाव दोनदा चढला.

एका सकाळी धाकट्या मालकांनी नवा नमुना पुढे ठेवला. खुर्चीच्या पुढच्या आणि मागच्या पायांना खालून जोडणारी एकेक आडवी पट्टी असते, ती दोन्ही बाजूंची काढून टाकली होती. पाय आता फक्त वर, बैठकीपाशी धरलेले.

"शेवटचं हेच उरलं होतं, मामा," मालक म्हणाले. "बसा."

मामांना त्या उघड्या पायांकडे बघून कसंसंच झालं. पण त्यांच्या मताला तिथे कधीच किंमत नव्हती आणि त्यांनी ती कधी मागितलीही नव्हती. किंमत होती ती बसण्याला. ते पाठ करून उभे राहिले आणि धपकन बसले. रेलले. पिळले. वीस मोजले. खुर्ची चकार शब्द बोलली नाही. त्यांनी ती उलटी केली, कान लावला आणि स्वतःशीच नवल करत खूण केली.

"बघा," मालकांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "आपण उगाच इतकी वर्षं त्या पट्ट्या लावत होतो."

त्यानंतरच्या पाच महिन्यांत तशा साडेतीनशे खुर्च्या विकल्या गेल्या.

मामांना कळलं ते दवाखान्यात. गुडघे दाखवायला सहा महिन्यांनी गेले होते. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि मोठ्याने म्हणाले, "त्र्याहत्तर! शाबास! कुठे एकशे दोन आणि कुठे त्र्याहत्तर. तुमच्या बायकोला माझ्याकडे नोकरीला पाठवा."

मामा हसले. काट्यावरून उतरून चप्पल घालायला वाकले तेव्हा दारातून बाहेरची बसायची जागा दिसली. तिथे बारा नव्या खुर्च्या होत्या. बिनपट्टीच्या, आपल्याच. डॉक्टरांना स्वस्तात मिळाल्या होत्या. त्यातल्या एकीवर चांगल्या जाडजूड अंगाच्या एक बाई मांडीवर मोठं पोर घेऊन बसल्या होत्या आणि खुर्चीचा मागचा पाय केसभर बाहेर झुकला होता.

त्र्याहत्तर, मामांच्या डोक्यात परत वाजलं.

त्यांनी डॉक्टरांचा कागदही घेतला नाही. एकाच पायात चप्पल घालून ते बाहेर आले आणि बाईंना म्हणाले, "ताई, उठा."

"का? माझा नंबर आहे."

"नंबर राहू दे. त्या खुर्चीवरून उठा आधी."

"अहो, दुसऱ्या अकरा रिकाम्या आहेत की."

"त्यांच्यावरही नका बसू."

डॉक्टरही दारात येऊन बघायला लागले. बाईंचा चेहरा लाल झाला. त्या सावकाश उठल्या, पोराला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या वजनाबद्दल बोलायचं असेल तर सरळ बोला. मला सवय आहे."

"तुमच्या नाही हो, माझ्या," मामा म्हणाले. पण हे कोणालाच समजलं नाही. खुर्ची उचलून त्यांनी उलटी केली. कोऱ्या लाकडावर त्यांचीच खूण होती. सांध्यात नख जाईल एवढी फट पडली होती.

ते तडक कारखान्यात गेले. मालक खोलीत होते.

"मालक, ती बिनपट्टीची खुर्ची बंद करा."

"का? काय झालं?"

"मी त्र्याहत्तर किलोचा आहे."

मालकांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच. रोज दिसणाऱ्या माणसाकडे कोण एवढं बघतं? गळ्याखाली लोंबणारी कातडी, खांद्यावरून घसरणारा सदरा. "अरेच्चा," ते म्हणाले, "मामा, तुम्ही तर अर्धे झालात."

"तेच सांगतोय. ती खुर्ची मला पेलते. जगाला पेलेल असं नाही."

"पण एकही परत आलेली नाही."

"येईल. माणूस पडल्यावर येईल."

मालक उठले. मग म्हणाले, "चला, बघू तरी."

शेडमध्ये मालाच्या गोण्या तोलायचा काटा होता. पॉलिशवाल्या बाईंनी बिजागऱ्यांच्या आणि खिळ्यांच्या दोन पिशव्या काट्यावर चढवल्या. या बाई मामांच्या आधीपासून कारखान्यात होत्या आणि कोणालाही काहीही बोलू शकत.

"एकोणतीस किलो," त्या म्हणाल्या. "घ्या, तुमची चरबी परत घ्या."

"हळू बांधा. कमरेत दुखतंय."

"दीड वर्ष उपाशी राहिलात ते कशाला? हे लोखंड बांधून घ्यायला?"

"एवढा खटाटोप कशाला," मालक म्हणाले. "दगडाचं पोतं ठेवू खुर्चीवर."

"पोतं रेलत नाही," मामा म्हणाले. "पोतं शेजाऱ्याशी बोलायला वळतही नाही."

दोन पिशव्या कमरेला बांधून मामा एका खुर्चीवर धपकन बसले. रेलले, पिळले, वीस मोजले. खुर्ची टिकली. मालकांचा जीव भांड्यात पडला. "झालं तर मग!"

"दुसरी आणा," मामा म्हणाले.

दुसरीवर ते बसले, रेलले आणि पिळायला लागले तेवढ्यात मागचा पाय फटकन निघाला. मामा आडवे झाले, पिशवी फुटली आणि बिजागऱ्या शेडभर पसरल्या. पॉलिशवाल्या बाईंनी त्यांना काखेत धरून उठवलं. कोपर सोललं होतं. एवढ्या सगळ्यात मामांना आठवलं, चौतीस वर्षांपूर्वी आपण असेच पडलो होतो आणि त्या वेळी एक माणूस येऊन आधी सांध्याकडे बघत बसला होता.

धाकटे मालक मामांकडे बघत होते. "लागलं का?" त्यांनी विचारलं. मग दोन्ही खुर्च्यांकडे बघून म्हणाले, "एक टिकली ना, पण."

"हो. एक टिकली."

"म्हणजे सगळ्याच वाईट नाहीत."

"कुठली वाईट ते कसं कळणार? साडेतीनशे घरांत मी जाऊन बसू?"

"मामा, पट्ट्या परत घातल्या तर किंमत वाढते. समोरच्या मोठ्या दुकानात प्लास्टिकची खुर्ची आपल्या निम्म्या पैशात आहे. लोक आपल्याकडे येतात कारण लाकडाची आणि परवडते. उद्या परवडेनाशी झाली, की येणार नाहीत. मग मी पट्ट्या कोणाच्या खुर्चीला लावू?"

"थोरल्यांनी परत घातलं असतं."

"बाबांच्या वेळी समोर दुकान नव्हतं." मालक आवाज खाली आणून म्हणाले, "आणि खूण तुम्ही केलीत, मामा. मी तुम्हाला विचारूनच केलं सगळं."

"अरे, मला विचारलंस कुठे? बसा म्हणालास," मामांच्या तोंडून निघून गेलं. मालकांना ते एकेरी बोलले होते. पण खूण खरंच त्यांची होती.

त्यातून एक तोडगा निघाला. मालकांना त्याहून जास्त काही करता येणं शक्य नव्हतं हे मामांनाही दिसत होतं. कारखान्याच्या पुढच्या दुकानात आता दोन प्रकारच्या खुर्च्या राहतील. एक पट्टीवाली, थोडी महाग. एक साधी, जुन्याच किमतीला. गिऱ्हाइकाला दोन्ही दाखवायच्या, खरं काय ते सांगायचं आणि निवड त्याच्यावर सोडायची. "याच्यात कोणाची फसवणूक नाही," मालक म्हणाले. मामांनी खूप विचार केला. त्यांनाही त्यात फसवणूक सापडली नाही.

विकल्या गेलेल्या खुर्च्यांचं मात्र काही करता येत नव्हतं. गिऱ्हाइकं रोख देऊन, खुर्च्या डोक्यावर घेऊन गेली होती. पत्ते कोणाचेच नव्हते. मामांनी उरलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या कापल्या, लाकूड चिकटवायच्या सरसाचा डबा घेतला आणि सुटीच्या दिवशी आधी दवाखान्यातल्या बारा खुर्च्या नीट केल्या. मग ते आपल्या आळीत, बाजारात, जिथे उघड्या दारातून तशी खुर्ची दिसेल तिथे थांबायला लागले.

"तुमच्या खुर्चीला पट्टी लावून देतो. पैसे नकोत."

"पैसे नकोत?" लोक दार निम्मं लोटून घ्यायचे. "मग काय हवंय?"

एका आजोबांनी त्यांना तासभर पट्टी लावू दिली आणि नंतर शेजाऱ्यांना बोलावून खुर्चीचं काय काय चोरीला गेलंय ते तपासून घेतलं. एका दुकानदाराने सांगितलं, की तुमची खुर्ची इतकी मजबूत आहे की मी तिच्यावर उभा राहून वरचा माल काढतो. दोन महिन्यांत, दवाखान्याच्या धरून, सव्वीस खुर्च्या झाल्या. पुढे घरं सापडेनात.

"तुम्ही परत जाडे व्हा," एकदा पॉलिशवाल्या बाई म्हणाल्या. "म्हणजे निदान पुढच्या खुर्च्या तरी नीट तपासल्या जातील."

मामांनी हे गंमत म्हणून घरी सांगितलं. बायको हसली नाही. तिने ओट्यावर चढून फळीवरून साखरेचा डबा काढला, त्यांच्यापुढे आपटला आणि म्हणाली, "खा. गुडघे गेले की मी उचलते तुम्हाला. मी तुम्हाला पेलते का ते आधी माझ्यावर बसून बघा." आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मामांनी डबा उघडला नाही. स्टूल नव्हतं आणि ओट्यापाशी ती उभी होती, म्हणून परत वर ठेवताही आला नाही. तो तिथेच राहिला.

अशातच त्या बाई दुकानात आल्या. दवाखान्यातल्या. मामा त्या वेळी पुढच्या दालनात एक टेबल ठेवायला आले होते.

"अगंबाई," त्यांनी लगेच ओळखलं. "तुम्हीच ना ते, मला उठवणारे?"

मामांनी त्या दिवसाचं सगळं त्यांना सांगितलं. काटा, त्र्याहत्तर, खूण, पट्टी. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. त्यांना चार खुर्च्या हव्या होत्या. घरात एकही नव्हती. इतकी वर्षं फरशीवर बसून चाललं, पण आता खाली बसलं की उठताना पोरांना हात द्यायला बोलवावं लागतं, म्हणाल्या. शिवणकामातून पैसे बाजूला टाकून टाकून त्यांनी जमवलं होतं.

"ही पट्टीवाली घ्या," मामांनी खुर्ची पुढे ओढली.

"कितीची?"

मामांनी सांगितलं.

"आणि ती?"

तीही सांगितली. बाईंनी बोटांवर हिशोब केला. "पट्टीवाल्या तीनच येतात," त्या म्हणाल्या. "आम्ही चौघं आहोत."

"मग तीन घ्या."

"आणि चौथं कोण उभं राहणार?"

मामांनी मागे वळून मालकांच्या खोलीकडे बघितलं. मालक दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हलकेच नकाराची मान हलवली. तोडगा ठरला होता, तो एका गिऱ्हाइकासाठी मोडला तर रोज मोडावा लागला असता.

"ताई, मी तुम्हाला स्पष्ट सांगितलंय," मामा म्हणाले. "ती मोडू शकते."

"सांगितलंत, उपकार झाले. आम्ही जपून बसू." बाई हसल्या. "आम्ही जाड माणसं जपूनच बसतो हो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खुर्च्या सांभाळत आलोय, आता स्वतःच्या सांभाळू."

चार साध्या खुर्च्या हातगाडीवर चढल्या. मामांनी त्या स्वतः दोरीने बांधल्या. आपल्या हातांना दुसरं काय करता येतं ते त्यांना कळत नव्हतं. गाडीवाल्याला मात्र त्यांनी घर कुठे ते नीट विचारून ठेवलं.

सुटीच्या दिवशी आठ पट्ट्या आणि सरस घेऊन ते तिथे पोचले. दोन खोल्यांचं घर, शिवणयंत्र खिडकीपाशी. बाई फरशीवर पाय लांब करून काजं करत होत्या. चारही खुर्च्या भिंतीला ओळीने लावलेल्या होत्या. एकीवर घडी केलेली पांघरुणं, एकीवर कापडाचे गठ्ठे, एकीवर पोरांची दप्तरं. चौथीवर काहीच नव्हतं, पण तिच्यावर धूळ होती.

"बसत नाही का कोणी?" मामांनी विचारलं.

"तुम्ही एवढं सांगितल्यावर कोण बसणार?" बाई अगदी साधेपणाने म्हणाल्या. "पोरं जवळ गेली की मीच ओरडते. बाकी सामान ठेवायला छान आहेत हो."

मामांनी आत येऊन पट्ट्या खाली ठेवल्या. मग खाली बसून त्यांनी कामाला हात घातला. पांघरुणं, गठ्ठे, दप्तरं उतरवली. आठ पट्ट्या बसवल्या, स्क्रू आवळले, पाय दोरीने बांधून ठेवले. इतकं मन लावून त्यांनी बऱ्याच वर्षांत काही केलं नव्हतं. निघताना म्हणाले, "सरस वाळू दे. उद्या दोऱ्या सोडायला येतो. मग खुशाल बसा."

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ते गेले. दोऱ्या सोडल्या. चारही खुर्च्या हलवून बघितल्या. आता त्या जुन्या खुर्च्यांपेक्षाही पक्क्या होत्या.

"बसा, ताई."

बाई उठल्या, खुर्चीजवळ आल्या, पाठीवर हात ठेवला. आणि हात काढून घेतला.

"आधी तुम्ही बसून दाखवा."

मामांनी खुर्चीकडे पाठ केली आणि अंग सोडून दिलं, धपकन. रेलले. पिळले. गप्प बसून वीस मोजले. दोन्ही पोरं दारात येऊन बघत होती. खुर्ची हललीसुद्धा नाही. मामा उठले, ती उलटी केली, कान लावला, टिचकी मारली. पट्टीने असा भरीव आवाज दिला की ऐकणाऱ्याला बरं वाटावं.

"ऐकलंत? आता काही होत नाही हिला."

बाईंनी खुर्चीकडे बघितलं. मग मामांकडे बघितलं, सैल झालेल्या सदऱ्यापासून पट्ट्याच्या पाचव्या भोकापर्यंत.

"तुमचं काय हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बारीक आहात."

"घरात काही जड असेल तर द्या. मांडीवर घेऊन बसतो."

"या घरात जड ती मीच."

दोघंही हसले. बाईंनी एका पोराच्या खांद्यावर हात टेकला, सावकाश खाली बसल्या, पाय लांब केले आणि काजं करायचं कापड पुढे ओढलं. मामांनी खुर्ची सरळ करून भिंतीला लावली. जमिनीवरची पांघरुणं उचलली, नीट घडी केली आणि होती तशी तिच्यावर ठेवून दिली.